भार जिथे येतो

हे वाचन सावकाश करायचं आहे. हातातलं काम थोडा वेळ बाजूला ठेवा. पाठ सैल सोडा, पावलं जमिनीवर नीट टेकू द्या. समोर जे टेबल असेल, अभ्यासाचं, जेवणाचं, कचेरीतलं, त्यावर दोन्ही तळहात पालथे ठेवा. टेबल नसेल तर मांडीवरची जाड वही पुरे. आता हातांचा भार त्या फळीवर जाऊ द्या. दिवसभर आपण असा भार कशाकशावर टाकत असतो आणि तो कोणीतरी पेलतं आहे हे ध्यानातही येत नाही. आज तेवढंच ध्यानात घ्यायचं आहे.

मननासाठी आपण एक वस्तू घेऊ: अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये घडलेलं, महोगनी लाकडाचं लिहिण्याचं मेज. तिथे अशा मेजाला ब्यूरो म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांत आणि कित्येक साध्या घरांतही ही मेजं अजून उभी आहेत. त्यांतलं एक, फार नटवं नसलेलं, आपण मनाने समोर आणून ठेवू. प्रत्येक टप्प्यानंतर जरा थांबा. पुढचं पान कुठे जात नाही.

उघडणं

मेज बंद आहे. उंची साधारण छातीच्या जरा खाली. खाली चार लांब खण, एकावर एक, वरचे उथळ आणि खालचे खोल. प्रत्येक खणाला दोन पितळी कड्या आणि मध्ये किल्लीचं भोक. खणांच्या वर तिरकी उतरती झडप. बंद असताना हे मेज आहे असं पटकन वाटतही नाही. खणांचं कपाट वाटतं. लाकडाचा रंग तांबूस तपकिरी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला, त्या कडांवर तो अधिक गडद झाला आहे.

आता उघडायचं आहे, पण झडपेला लगेच हात लावू नका. सर्वांत वरच्या खणाच्या दोन्ही बाजूंना पाहा. तिथे दोन उभ्या अरुंद पट्ट्या दिसतील, प्रत्येकीला छोटीशी मूठ. त्या ओढा. आतून दोन दांडे बाहेर येतात, हातभर. ते पूर्ण बाहेर आले की मग झडप हळूच खाली आणा. ती त्या दांड्यांवर टेकते आणि लिहिण्याची सपाट फळी तयार होते.

हा क्रम महत्त्वाचा आहे. दांडे न ओढता झडप खाली टाकली तर सगळा भार बिजागऱ्यांवर येतो. बिजागरीचे स्क्रू लाकडातून उपटतात आणि सोबत लाकडाची ढलपी निघते. बिजागरीशेजारी नंतर बसवलेलं लाकडाचं ठिगळ अनेक जुन्या ब्यूरोंवर सापडतं. कधीतरी, कोणीतरी, घाईत आधार न देता उघडलं, त्याची ती खूण.

इथे थांबा. स्वतःला एवढंच विचारा: आज मी काय उघडलं? एखादा जुना विषय, एखादं दुखणं, एखादं मोठं काम? उघडण्याआधी दांडे ओढले होते का? उत्तर लगेच यायला हवं असं नाही. प्रश्न मनात असू द्या आणि श्वास त्याच्या गतीने चालू द्या.

खण बाहेर काढणं

वरून दुसरा खण ओढा. तो अडखळत नाही. शेवटी किंचित तिरका करून पूर्ण बाहेर येतो. मांडीवर घ्या. अपेक्षेपेक्षा हलका आहे.

दर्शनी फळी महोगनीची आहे. बाजूच्या फळ्या मात्र ओकच्या, पातळ, फिकट. पाहुण्याला दिसते ती बाजू महाग लाकडाची आणि आतलं अंग स्वस्त लाकडाचं. कोपऱ्यावर बोट फिरवा. दर्शनी फळी आणि बाजूची फळी जिथे भेटतात तिथे पंख्यासारखे पसरट दाते एकमेकांत अडकलेले दिसतील. हा डव्हटेल सांधा. खण रोज ओढला जातो, म्हणजे रोज दर्शनी फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटू पाहते. दात्यांचा आकारच असा आहे की त्या दिशेने ओढून ते निसटत नाहीत. सरस वाळून गेला तरी सांधा धरून राहतो.

आता अगदी जवळून पाहा. दात्यांच्या मुळाशी, फळीला आडवी, केसाएवढी बारीक कोरलेली रेघ आहे. सुताराने काम सुरू करण्याआधी टोकदार हत्याराने ती ओढली: करवत इथपर्यंत, पटाशी इथपर्यंत, पुढे नाही. काम झाल्यावर ती पुसायची त्याला गरज वाटली नाही. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने ठरवलेली मर्यादा अजून तिथे आहे, आणि करवत तिच्यापाशी थांबलेली आहे. दोन दात्यांमधली जागा कधी कधी इतकी अरुंद असते की मुळाशी करवतीचं पातंच काय ते शिरेल. इतकं बारीक काम बंद खणात कोणाला दिसणार होतं? मालकाला दिसणार नव्हतं. पण ओढ तिथे बसणार होती.

खण उलटा करा. तळाची फळी चौकटीला सरसाने चिकटवलेली नाही. ती खाचेत सरकवून बसवली आहे आणि फक्त मागच्या बाजूला खिळ्याने धरली आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. आपल्याकडे पावसाळ्यात दार चौकटीला घासतं तसंच हेही. सगळ्या बाजू घट्ट चिकटवल्या असत्या तर फळी तडकली असती. म्हणून सुताराने कोपरे घट्ट केले आणि तळाला हलायला जागा ठेवली.

आता मेजाच्या मागे जा. मागच्या फळ्या पाइन किंवा ओकच्या, भिंतीकडे तोंड करून राहणाऱ्या. त्यांवर हात फिरवला तर रंध्याच्या लाटा बोटांना लागतात. काही ठिकाणी करवतीचे ओरखडे तसेच आहेत. इथे सुताराने वेळ घालवला नाही. आपण जुन्या कारागिरांबद्दल बोलताना म्हणतो की ते न दिसणारी बाजूही तितक्याच निगुतीने करत. हे मेज तसं सांगत नाही. मागची फळी ओबडधोबड आहे आणि खणाचा सांधा अचूक आहे. दोन्ही न दिसणाऱ्याच जागा. कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही हा त्याचा हिशोब नव्हता. भार कुठे येतो, हा होता.

हे वाक्य मनात एकदा सावकाश म्हणा: भार जिथे येतो, तिथे लक्ष. मग आपल्या दिवसाकडे पाहा. कुठल्या गुळगुळीत करण्यात वेळ गेला, ज्यावर कशाचाच भार येणार नव्हता? आणि कुठला सांधा ढिला राहिला, ज्यावर रोज ओढ बसते? स्वतःला दोष देऊ नका. फक्त पाहा.

नावं

आता घडवणाऱ्यांकडे वळू.

थॉमस चिपेंडेल यॉर्कशरमधल्या ऑटली गावचे, सुताराच्या घरात १७१८ मध्ये जन्मलेले. १७५४ च्या सुमाराला ते लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान आणि कारखाना घेऊन बसले, आणि त्याच वर्षी त्यांनी फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक काढलं. सुमारे १६० तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली चित्रं: खुर्च्या, पलंग, पुस्तकांची कपाटं आणि अनेक प्रकारची लिहिण्याची मेजं. या पुस्तकामुळे दूरच्या गावचे सुतारही त्यांच्या धाटणीचं काम करू लागले. म्हणून आज ‘चिपेंडेल’ म्हटल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक त्यांच्या कारखान्यातल्या नसतात. त्यांनी आपल्या कामावर नावाचा शिक्का मारला नाही. खरं चिपेंडेल ओळखायचं ते मुख्यतः जुन्या बिलांवरून आणि पत्रांवरून.

यॉर्कशरमधल्या नॉस्टेल प्रायरी या हवेलीत असं एक मेज आहे, बिलासह. वर काळं चामडं, कोपऱ्यांना सिंहाची मुखं आणि पंजे, एका बाजूला खण, दुसऱ्या बाजूला कागद ठेवायचे कप्पे. साल १७६७, किंमत ७२ पौंड १० शिलिंग. हवेलीचे मालक सर रोलंड विन यांनी तिथल्या ग्रंथालयात पत्नीसह आपलं चित्र काढून घेतलं, त्यातही हे मेज दिमाखात उभं आहे. त्याच घराण्याच्या कागदांत चिपेंडेल यांची पत्रंही आहेत. पैसे वेळेवर येत नाहीत, कामगारांची मजुरी द्यायची आहे, कृपा करून काही रक्कम पाठवा, अशा विनवण्या त्यांत आहेत. मालकाची बाजू बहुधा रागाची: काम उशिरा झालं. ज्या मेजावर बसून देणी चुकती करायची, त्याच मेजाच्या घरात सुताराचं देणं थकत होतं. चिपेंडेल १७७९ मध्ये क्षयाने गेले. धंदा त्यांच्या मुलाने पुढे चालवला, आणि १८०४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

थोडं मागे जाऊ. १७५५ च्या एप्रिलमध्ये चिपेंडेल यांच्या कारखान्याला आग लागली. त्या वेळच्या बातमीत एक तपशील आहे: आगीत २२ कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या गेल्या. त्या काळी सुताराची हत्यारं त्याची स्वतःची असत; वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेले रंधे, पटाश्या, करवती. बावीस पेट्या म्हणजे बावीस घरांची पोटापाण्याची साधनं. त्या बावीस जणांची नावं बातमीत नाहीत. मघाशी आपण बोट फिरवलं तसली रेघ ओढणारे हात त्यांचे होते.

जॉर्ज हेपलव्हाइट यांचं नाव आपण एका स्त्रीमुळे जाणतो. १७८६ मध्ये ते वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने १७८८ मध्ये त्यांच्या नमुन्यांचं पुस्तक प्रकाशित केलं. त्यांच्या हातची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू नाही. थॉमस शेरटन यांनी १७९१ पासून हप्त्याहप्त्याने आपलं नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्यातली लिहिण्याची मेजं फार देखणी आहेत. एका नमुन्यात तर मेजाच्या तिन्ही बाजूंनी छोट्या खणांची ठेंगणी भिंत उभी केली आहे, लिहिणाऱ्याला कुशीत घेतल्यासारखी. हे शेरटन १८०६ मध्ये गरिबीत गेले. पुढे प्रकाशक म्हणून नावारूपाला आलेले ॲडम ब्लॅक तरुणपणी थोडे दिवस त्यांच्याकडे कामाला होते. त्यांनी ते घर पाहिलं होतं: अर्धं दुकान, अर्धं बिऱ्हाड, आणि चहाच्या कपांचीही वानवा. इतरांनी निवांत लिहावं म्हणून इतक्या जागा आखणाऱ्या माणसाला स्वतःची निवांत जागा मिळाली नाही.

लँकेस्टरच्या गिलो घराण्याची गोष्ट थोडी वेगळी. रॉबर्ट गिलो यांनी १७३० च्या सुमाराला हा धंदा उभा केला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या मालाच्या खणाच्या कडेवर कंपनीच्या नावाचा छोटा ठसा येऊ लागला. त्यांच्या अंदाजवह्या आज लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. पानावर वस्तूचं छोटं चित्र, लाकूड किती, खिळे-बिजागऱ्या किती, मजुरी किती, आणि पुष्कळदा ती कोणी केली त्याचं नाव. गिलोंच्या काही मेजांचे खण काढले की आत पेन्सिलीने केलेली कारागिराची सहीही सापडते. मालकाला वाचता यावी म्हणून ती केलेली नव्हती. कधीतरी दुसरा सुतार दुरुस्तीला हा खण काढेल, तेव्हा तो वाचेल.

त्या दुसऱ्या सुताराचाही विचार या लोकांनी केला होता. ते जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरत. उष्णता आणि ओलावा दिला की तो सैल पडतो. म्हणून सांधा न मोडता उघडता येतो, दुरुस्त करून पुन्हा बसवता येतो. इतकी वर्षं ही मेजं टिकली त्यात त्यांच्या मजबुतीइतकाच या सुटण्याचाही वाटा आहे.

तळहात पुन्हा आपल्या टेबलावर ठेवा. ज्यांच्या श्रमावर तुमचा दिवस टेकलेला आहे अशा एका माणसाचं नाव आठवा. नाव माहीत नसेल तर चेहरा आठवा. तो थोडा वेळ समोर असू द्या.

झाड

आता मेजाच्या लाकडात शिरू. हा टप्पा जड आहे. सावकाश वाचा.

इंग्लंडमध्ये महोगनी उगवत नाही. त्याआधी चांगलं फर्निचर अक्रोडाचं होत असे. १७२१ मध्ये ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची आयात जकात माफ झाली आणि जमैकाची महोगनी लंडन, ब्रिस्टल, लँकेस्टरच्या बंदरांत उतरू लागली. पुढे क्यूबाची, मग आज ज्याला बेलीझ म्हणतात त्या किनाऱ्यावरची. रुंद फळ्या, कमी गाठी, वाळवी सहज न लागणारं, कोरीव कामाला कणखर आणि सहज न पिळवटणारं असं हे लाकूड सुतारांच्या मनात भरलं. आपल्या मेजाची झडप एकाच अखंड फळीची आहे, ती या झाडाच्या घेरामुळे.

झाडं तोडणारे लोक आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. बेलीझच्या अरण्यातलं हे काम कसं चाले त्याची वर्णनं उपलब्ध आहेत. टोळीतला एक जाणता माणूस उंच झाडावर चढे. साधारण ऑगस्टच्या सुमाराला महोगनीची पानं पिवळसर-तांबूस होतात. त्या रंगावरून तो दूरवरची झाडं हेरत असे आणि टोळीला तिथवर नेत असे. बुंध्याच्या मुळांचे पंख फार रुंद, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फूट उंचीवर मचाण बांधत आणि त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवत. उन्हाळ्यात ओंडके बैलांच्या जोड्यांनी नदीकडे ओढून नेत. दिवसाच्या उष्म्यात बैल टिकत नसत, म्हणून हे काम रात्री, मशालींच्या उजेडात होई. जूनच्या पुराबरोबर ओंडके समुद्राकडे जात. ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली १८३४ मध्ये, आणि सक्तीची उमेदवारी संपून खरी सुटका झाली ती १८३८ मध्ये. आपलं मेज त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

लँकेस्टर हे त्या काळी गुलामांच्या व्यापारातलं इंग्लंडचं एक प्रमुख बंदर होतं. गिलोंची जहाजी उलाढाल वेस्ट इंडीजशी होती: फर्निचर जाई, आणि महोगनी, रम, साखर येई. ज्या वह्यांत कारागिराचं नाव आणि मजुरी निगुतीने लिहिली, त्याच वह्यांत लाकडाची किंमत आहे. ते तोडणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

या मेजाकडे आता पुन्हा पाहा. सांध्याचं कौशल्य खरं आहे. लाकडातला अन्यायही तेवढाच खरा आहे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. मन इथे दोन पळवाटा शोधतं. एक म्हणते, इतकं सुंदर आहे, जुन्या गोष्टी कशाला काढायच्या? दुसरी म्हणते, असं असेल तर या मेजाकडे पाहूच नये. दोन्ही वाटा सोडा आणि मेजापाशीच बसून राहा. सगळ्यात जड भार ज्याने उचलला, त्याच्याकडे लक्ष सगळ्यात कमी गेलं. सुताराचा नियम धंद्याने पाळला नाही. आपल्यापाशी आज त्याला देता येण्यासारखं लक्षच आहे. ते द्या. दोन-तीन श्वास, मचाणावर उभ्या असलेल्या त्या माणसासाठी.

चकाकी

झडपेवर तिरका उजेड पडू द्या. वर जी खोल चकाकी दिसते ती बहुधा मूळची नाही. अठराव्या शतकात लाकडाला तेल, मेण किंवा रोगण लावत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लाखेच्या पॉलिशची रीत आली: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. मग कितीतरी जुनी मेजंही नव्याने पॉलिश झाली.

ती लाख भारतातून जात असे. पळस, बोर आणि कुसुमच्या फांद्यांवर एक बारीक किडा स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांद्या तोडून, खरवडून, धुऊन, वितळवून त्याची चपडी होते. छोटा नागपूर, छत्तीसगड आणि आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलांत आजही लाख निघते. इंग्लिश मेजाच्या अंगावरची चकाकी अशी आपल्या पळसाच्या फांदीपर्यंत पोचते.

मुंबईचं नातं आणखी जवळचं. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेचे कारागीर इंग्रजांसाठी लिहिण्याच्या पेट्या करत. आत इंग्लिश धर्तीची उतरती फळी आणि दौतीचे कप्पे, बाहेरून चंदन किंवा दुसऱ्या लाकडावर बारीक नक्षी. हस्तिदंत, शिंग, रंगीत लाकूड आणि कथील यांच्या तिकोनी काड्या जुळवून चिकटवायच्या, मग त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तेच नक्षत्र. ही सडेलीची कला इराणातून आलेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ‘बॉम्बे बॉक्स’ लोकांनी पाहिल्या. त्या जुळवणाऱ्या बोटांनाही मनातल्या मनात नमस्कार करू.

चोरकप्पा

झडप उघडी आहे. आतल्या भागात पत्रांचे उभे कप्पे, छोटे खण आणि मधोमध एक लहानसं दार. दाराच्या दोन्ही बाजूंना अर्धे खांब, नुसत्या शोभेचे वाटणारे. त्यातला एक अलगद पुढे ओढा. खांबामागे उभी अरुंद पेटी आहे. इच्छापत्र, कर्जाची चिठ्ठी, कोणाला दाखवायचं नाही असं पत्र, असं काही त्यात राहत असे.

चांगल्या सुताराला ठाऊक होतं की लिहिणाऱ्या माणसापाशी काहीतरी झाकलेलं असतं. त्याने त्याबद्दल विचारलं नाही. त्यासाठी जागा करून दिली. आपल्या मनातही असा एक खांब आहे. आज तो ओढायचा नाही. मागे काहीतरी आहे एवढं कबूल करा आणि खांबावर हात ठेवून थोडं थांबा. उघडायची वेळ येईल तेव्हा आधी दांडे ओढायचे, हे आता ठाऊक आहे.

लिहिणारे

डिसेंबर १७९४. हॅम्पशरमधल्या स्टीव्हनटन गावच्या जॉर्ज ऑस्टिन या पाद्र्याने बेसिंगस्टोकच्या दुकानातून महोगनीची एक छोटी लिहिण्याची पेटी घेतली. एक लांब खण, काचेची दौत, उघडली की उतरती फळी. किंमत १२ शिलिंग. नॉस्टेलच्या त्या मेजाच्या पैशांत अशा एकशे वीस पेट्या आल्या असत्या. ती धाकट्या मुलीच्या, जेनच्या, एकोणिसाव्या वाढदिवसासाठीच घेतली असावी असं मानतात. जेन ऑस्टिन यांची ती पेटी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ऑक्टोबर १७९८ मध्ये जेन प्रवासात डार्टफर्डच्या खानावळीत उतरल्या होत्या. तिथे ती पेटी चुकून दुसऱ्याच गाडीत चढली. ती गाडी ग्रेव्हसेंड बंदराकडे निघाली होती आणि तिथून पुढे वेस्ट इंडीजला. पेटीत जेन यांच्याजवळचे सगळे पैसे होते, सुमारे सात पौंड. घोडेस्वार पिटाळला आणि दोन-तीन मैलांवर गाडी गाठली. ज्या समुद्राकडून ते लाकूड आलं होतं, त्याच समुद्राकडे ती पेटी निघाली होती.

चार्ल्स डार्विन यांनी केंटमधल्या डाउन हाउस या घरी लिहायला मेजही घेतलं नाही. चाकं लावलेली खुर्ची, तिच्या दोन्ही हातांवर आडवी टाकलेली कापडाने मढवलेली फळी. उत्क्रांतीवरचा १८५९ चा त्यांचा ग्रंथ लिहिण्याचं काम अशा फळीवर झालं. नॉस्टेलचे सिंह, जेन यांची बारा शिलिंगांची पेटी आणि डार्विन यांची फळी हे तिन्ही एकत्र ठेवून पाहा. लिहिणाऱ्याला लागतं ते फार थोडं: मनगट टेकवायला हक्काची, न हलणारी जागा. ती मिळवून देणारं कोणीतरी प्रत्येकामागे आहे. बाप, सुतार, मचाणावरचा माणूस.

आता तुमचं टेबल

झडप मिटा. दांडे आत ढकला. इंग्लंडमधलं ते मेज त्याच्या जागी राहू द्या. समोर जे टेबल आहे त्याकडे या.

आज किंवा उद्या तुम्ही इथे काहीतरी लिहाल: मुलीला निरोप, गिऱ्हाइकाचं बिल, परीक्षेचा पेपर, अर्ज, एखाद्याची माफी. लिहिण्याआधी सुताराचा प्रश्न विचारा: यात भार कुठे येतो? बिलात तो आकड्यावर येतो. निरोपात तो वेळेवर आणि जागेवर येतो. माफीच्या पत्रात तो एका वाक्यावर येतो, जिथे आपण काय केलं ते सरळ सांगायचं असतं; बाकीच्या दहा ओळी त्या वाक्याला टाळण्यासाठी लिहिल्या जातात. त्या एका ठिकाणी रेघ ओढा आणि करवत तिथपर्यंतच न्या. इतरत्र रंध्याच्या लाटा राहिल्या तरी चालेल. आणि तळाच्या फळीला हलायला जागा ठेवा. समोरच्या माणसाचंही एक हवामान असतं.

मग दुसरा प्रश्न, जरा अवघड: माझ्या या लिहिण्याचा, या घराचा, या सोयीचा भार कोणावर येतो आहे? घरातलं कोणी असेल, कचेरीत आपल्याही आधी येऊन झाडलोट करणारं कोणी असेल, हे टेबल उचलून तिसऱ्या मजल्यावर आणणारे दोन हमाल असतील. त्यातल्या ज्यांची नावं माहीत नाहीत, ती विचारता येतात. ज्यांचे पैसे राहिले आहेत, ते देता येतात. चिपेंडेल यांच्या विनवणीच्या पत्रांना वेळेवर उत्तर देणं नॉस्टेलच्या मालकाला अशक्य नव्हतं. मेज समोर होतं, कागद होता, दौत भरलेली होती.

म्हणून हे मनन उठून संपवू नका, लिहून संपवा. कोणाचं देणं राहिलं असेल, पैशाचं किंवा आभाराचं, तर आज या टेबलावर पहिल्यांदा तेच लिहा. वर त्या माणसाचं पूर्ण नाव घाला आणि खाली आजची तारीख.